‘खात्री करा’ या सूचनेची आपल्या हस्ते चाचणी व्हावी म्हणून

प्रति,
मा. मुख्य निरीक्षक,
यंत्रसुरक्षा कार्यालय, तिसरा मजला
(तळमजल्यावरील आवक-जावक खिडकीमार्फत, कारण त्यापुढचा जिना अर्जदारांसाठी नाही असे कळले.)

विषय : बेकरीतील पीठ मळण्याच्या यंत्रावर झालेल्या अपघाताच्या चौकशी अहवालातून ‘वापरणाऱ्या व्यक्तीची बेपर्वाई’ हे शब्द काढून टाकणे, तसेच सदर यंत्रांवर इशाऱ्याचे स्टिकर लावण्याचा आदेश मागे घेणे.

संदर्भ : १) आपल्या सहीचा चौकशी अहवाल.
२) खिडकीवरील कारकुनांनी मला दिलेले तोंडी उत्तर : “तुमचा यात संबंध काय?”

महोदय,

१. आधी संबंध सांगतो, कारण त्यावाचून हा अर्ज खिडकीच्या आत जाणार नाही. यंत्राच्या खोक्यात जी पुस्तिका निघते आणि जी बहुतेक घरांत खोक्यासकट माळ्यावर जाते, ती लिहिणारा मी माणूस. आमच्या धंद्यात याला तांत्रिक लेखक म्हणतात. पुस्तिकेवर लेखकाचे नाव नसते, त्यामुळे आपल्याला मी माहीत असण्याचे कारण नाही. परंतु आपल्या अहवालाचा निष्कर्ष ज्या एका वाक्यावर उभा आहे ते वाक्य माझ्या पुस्तिकेतले, सातव्या पायरीचे आहे. आपल्या छापील नमुन्यात तक्रारदारासाठी ‘जखमी’, ‘मालक’ आणि ‘उत्पादक’ असे रकाने आहेत. मी कारकुनांना विचारले की, ज्याच्या पुस्तिकेतले वाक्य पुरावा म्हणून वापरले त्याने कुठे बसावे. ते म्हणाले, “साहेब, तसा रकाना नाही. तुम्ही असं करा, जखमीमध्ये टाका.” मी तसे केलेले नाही. जखमी कोण आहे ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

२. मी ज्या कारखान्यात नोकरीला होतो तिथली कामाची एक पद्धत आपल्या चौकशीत कुठेच आलेली नाही, म्हणून ती सविस्तर मांडतो. यंत्रात खोट निघाली की ती डिझाइन विभागाकडे जाते. दुरुस्त होण्यासारखी असली तर होते. दुरुस्त करणे गैरसोयीचे असले तर विभागाचे प्रमुख मान वर न करता म्हणतात, “पुस्तिकेत टाका.” त्यांचे नावच आम्ही ‘टाकासाहेब’ पाडले होते. झाकण तापते? पुस्तिकेत टाका. पाय डगमगतात? पुस्तिकेत टाका. अशा रीतीने कारखान्यातला सगळा केर माझ्या टेबलावर यायचा, आणि मी तो नीट वाक्यांत घडी घालून गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायचो. मी हे काम चांगले करायचो, हे येथे नम्रपणे नमूद करतो. माझ्या पुस्तिका वाचून कुणाला काही कळले नाही अशी तक्रार आली नाही. आता वाटते, मी इतके स्वच्छ लिहिले नसते तर त्यातली काही यंत्रे तरी दुरुस्त झाली असती.

३. सदर यंत्र म्हणजे एक मोठे स्टीलचे पिंप, आत पीठ मळणारा जाड दांडा, आणि वर स्टीलचेच झाकण. बटण बंद केले की मोटर ताबडतोब गप्प होते. दांडा मात्र गप्प होत नाही. तो जड असल्यामुळे आपल्या जोरावर आणखी काही वेळ फिरत राहतो. पीठ घट्ट असेल तर लवकर थांबतो, सैल असेल तर उशिरा. बाहेरून ना दिसते, ना ऐकू येते. त्यातून झाकणाला मूठ नाही. ते काठाखाली बोटे घालूनच उचलावे लागते, आणि दांडा नेमका त्या काठाला चाटून जातो. म्हणून पहिल्या नमुन्यात झाकणाला एक खटका होता. दांडा थांबेपर्यंत तो झाकण उघडू देत नसे. पण खटक्यात पीठ अडकायचे, झाकण उघडेना, दुकानदार वैतागून फोन करायचे. खटक्याची रचना बदलायला हवी होती. टाकासाहेबांनी खटकाच काढून टाकला. मी विचारले, “मग दांडा थांबला हे माणसाला कळणार कसं?” उत्तर काय मिळाले ते आपण ओळखले असेल.

४. पुस्तिका छापण्याआधी तिची एक चाचणी घेण्याची आमच्यात रीत आहे. यंत्राशी ज्याचा कधी संबंध आला नाही अशा माणसाच्या हाती पुस्तिका द्यायची, त्याने एकेक पायरी वाचून तसे करायचे, आणि लेखकाने कोपऱ्यात बसून बघायचे. नियम एकच : लेखकाने तोंड उघडायचे नाही. कारण गिऱ्हाइकाच्या घरी लेखक नसतो. माझ्या चाचण्या माझी मावशी करायची. ती आमच्याकडेच राहते. तिला कारखान्यात सगळे ‘चाचणीमावशी’ म्हणायचे आणि ती आली की चहा सांगायचे. तिचा गुण असा की जे लिहिले आहे तेवढेच ती करते, मनाचे काही घालत नाही. माझ्या लिखाणाला तिने आयुष्यात कधी बरे म्हटलेले नाही.

त्या दिवशीही तिने चष्मा पुसून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. सातव्या पायरीपर्यंत सगळे बिनबोभाट झाले. सातव्या पायरीचा तेव्हाचा मसुदा होता, ‘दांडा थांबल्यावर झाकण उघडा.’ तिने बटण बंद केले. मग कमरेवर हात ठेवून झाकणाकडे बघत राहिली. “अरे, हे थांबलं का नाही ते बघू कुठून? झाकण स्टीलचं. मला काय एक्स-रेचे डोळे आहेत?” मी नियमाप्रमाणे गप्प. तिने झाकणाला कान लावला. “आवाज तर बंद झाला. म्हणजे थांबलं असणार, नाही का?” असे म्हणून तिने काठाखाली बोटे घालायला हात पुढे केला, आणि मी ओरडलो. नुसता ओरडलो नाही, धावत जाऊन तिला मागे ओढले. ती पडता पडता वाचली आणि तिने मला मूर्खात काढले. मग आम्ही लांब काठीने झाकण उचलले. दांडा फिरत होता.

५. मी त्याच दिवशी लेखी कळवले की, खटक्याशिवाय हे यंत्र विकू नये. त्यावर मला जे उत्तर मिळाले ते शब्दशः देतो : ‘चाचणीदरम्यान लेखकाने नियमाविरुद्ध तोंड उघडल्याने सदर चाचणी बाद समजण्यात येत आहे. बाद चाचणीचे निष्कर्ष विचारात घेता येत नाहीत.’ महोदय, मी नियम मोडला हे खरे आहे. आजही मोडेन.

६. मग सातव्या पायरीत मी असे लिहिले : ‘झाकणाला खटका बसवून घेतल्याशिवाय हे यंत्र वापरू नये.’ पुस्तिकेवर शेवटचा हात कंपनीच्या वकीलसाहेबांचा फिरतो. त्यांनी मला बोलावून खुर्ची दिली, पाणी दिले, आणि म्हणाले, “अहो, असं लिहिल्यावर यंत्र घेईल कोण? आणि ही तर आपल्या तोंडाने दिलेली कबुली झाली.” मी म्हटले, निदान किती वेळ थांबायचे तेवढे लिहू द्या. ते म्हणाले, वेळ लिहिली आणि एखाद्या ठिकाणी दांडा जास्त फिरला तर आपण अडकलो. त्यांनी माझे वाक्य खोडून त्या जागी स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिले : ‘झाकण उघडण्यापूर्वी दांडा पूर्णपणे थांबल्याची खात्री करा.’ मी विचारले, “खात्री करायची कशी? झाकण उघडून बघितल्याशिवाय खात्री होत नाही, आणि खात्री झाल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.” वकीलसाहेब हसले. माणूस वाईट नाही, हसतानाही अदबीने हसतो. “तेच तर या वाक्याचं बळ आहे. उद्या काही झालं, तर खात्री कुणी केली नाही? त्याने. आपण सांगितलं होतं.” मी मावशीचे उदाहरण दिले. ते म्हणाले, “मावशी आपली गिऱ्हाईक नाही.” माझी हरकत फाइलला लावण्यात आली आणि पुस्तिका छापायला गेली.

७. त्यानंतर जे व्हायचे ते बेकरीत झाले. यंत्र चालवणाऱ्या बाईंच्या उजव्या हाताची बोटे दांड्यात सापडली. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली. मी त्यांना भेटायला रुग्णालयात गेलो. कंपनीतर्फे नाही, कंपनीने तोवर हात वर केले होते, ज्यांचे शाबूत आहेत त्यांना ते जमते. बाईंना मी कोण ते सांगितले तेव्हा त्या रागावतील अशी माझी तयारी होती. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्या उठून बसायला लागल्या आणि मला आपली बाजू समजावून सांगू लागल्या, जणू मीच साहेब आणि त्यांची नोकरी माझ्या हातात. म्हणाल्या, “मी वाचलं होतं हो सगळं. मालकांनी पुस्तक भिंतीला टांगून ठेवलंय, रोज समोरच असतं. त्यात म्हटलंय खात्री करा. म्हणून तर बघायला झाकण उचललं. न बघता कसं चाललं असतं?” मग म्हणाल्या, “दुसरी कुठली पद्धत होती का? मला समजली नसेल.” दुसरी पद्धत नव्हती हे मी त्यांना सांगितले. त्यांच्या सासूबाई पायाशी बसून केळे सोलत होत्या. त्या म्हणाल्या, “बघ, मी म्हणत नव्हते? तुझी चूक नाही.” पण बाईंची खात्री पटलेली दिसली नाही, कारण आपला अहवाल त्यांच्या उशाशी होता.

८. त्या अहवालाबद्दल आता आदरपूर्वक लिहितो, जमेल तेवढे. आपण लिहिले आहे की, ‘पुस्तिकेत स्पष्ट सूचना असूनही सदर महिलेने खात्री केली नाही, ही वापरणाऱ्या व्यक्तीची बेपर्वाई होय.’ या एका शब्दावर बेकरीच्या मालकांनी बाईंना कामावर परत घ्यायला नकार दिला आहे. बेपर्वा बाई भट्टीजवळ नको, असे ते म्हणतात, आणि सरकारी शिक्क्यापुढे त्यांचे काय चुकले? त्या घरात कामाला जाणाऱ्या त्या एकट्याच. महोदय, अहवालाला आपण यंत्राचा फोटो जोडला आहे. त्यात वीज तोडलेली आहे, पिंप धुतलेले आहे आणि झाकण सताड उघडे आहे. उघड्या झाकणातून दांडा थांबलेला अर्थातच स्वच्छ दिसतो. झाकण लावून, पीठ घालून, यंत्र चालवून कुणी पाहिले असे अहवालात कुठेही नाही. बाईंनी खात्री केली नाही असे आपण म्हणता. त्या सगळ्या प्रकरणात खात्री करायला गेलेली माणसे दोनच, एक माझी मावशी आणि दुसऱ्या त्या बाई. बाकी आपण सर्वांनी गृहीत धरले.

९. याहून मोठी तक्रार आपल्या आदेशाची आहे. अहवालाच्या शेवटी आपण कंपनीला असे फर्मावले की, विकलेल्या सर्व यंत्रांच्या झाकणांवर ठळक इशाऱ्याचे स्टिकर लावावे. हे वाचून कारखान्यात आनंद झाला. टाकासाहेबांनी तर पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले, कारण खटका परत बसवण्याचा विषयच संपला. जिथे दुरुस्ती हवी तिथे आपल्याही कार्यालयाने तेच सांगितले, फक्त पुस्तिकेऐवजी झाकणावर टाका इतकेच. मॅनेजरांनी मला बोलावून सांगितले, “एका ओळीचं काम आहे. तुमच्यासारखं कोण लिहिणार?” मी लिहायचे नाकारले. इशारा उरलेल्या धोक्यासाठी असतो. ज्या धोक्याला खटका बसतो त्याला इशारा लावणे म्हणजे विहिरीला कठडा बांधायचा सोडून पाटी लावणे.

तर मला नोटीस मिळाली. खटक्याविना यंत्र विकू नका म्हणून जो माणूस ओरडला, त्याच्यावर आरोप असा की, ‘ग्राहकांना धोक्याचा इशारा देण्यास नकार देऊन सुरक्षेच्या सरकारी आदेशात अडथळा आणला.’ या आरोपाखाली मला काढून टाकण्यात आले. त्यात आपल्या आदेशाचा क्रमांक दिलेला आहे. म्हणजे मला घरी आपण बसवलेत, आपल्याला माहीत नसले तरी.

१०. नोटिशीच्या दुसऱ्या परिच्छेदात वकीलसाहेबांनी असेही बजावले आहे की पुस्तिकेचा मजकूर गोपनीय असून तो मी बाहेर कुणाला सांगितल्यास माझ्यावर खटला भरण्यात येईल. जी पुस्तिका प्रत्येक खोक्यात फुकट निघते, बेकरीच्या भिंतीवर टांगलेली आहे, आणि जी न पाळल्याचा ठपका त्या बाईंवर आहे, ती गोपनीय! मी ती वरील परिच्छेदांत उघड केली आहे. खटल्यासाठी माझा पत्ता त्यांच्याकडे आहे.

११. घरची परिस्थिती अर्जात लिहू नये हे मला कळते. तरी लिहितो, कारण दुसरीकडे कुठे लिहू? बायको माझ्याशी धड बोलत नाही. “आयुष्यभर दुसऱ्यांच्या ओळी लिहिल्यात, आणखी एक लिहिली असती तर काय हात झिजला असता का?” असे म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिचे तिलाच कसेसे झाले. ती चुकीचे बोलत नाही. मी न लिहिलेली ओळ दुसऱ्या कुणीतरी दुपारच्या आत लिहिली असेल. स्टिकर छापून तयार आहेत असे कानावर आले. माझ्या नकाराने एकाही झाकणाला खटका बसलेला नाही, हे मला पुरेपूर कळते आणि त्याचाच जास्त संताप येतो. त्याच झाकणांखाली आज किती बेकऱ्यांत, किती वसतिगृहांच्या स्वयंपाकघरांत कुणी ना कुणी बोटे घालत असेल. मावशी मात्र माझ्या बाजूची आहे. तिला या खटल्याशी देणेघेणे नाही. तिचे म्हणणे, त्या बाई तिच्याच जागी उभ्या होत्या, फक्त मागे ओढायला कुणी नव्हते.

१२. तरी आपणांस विनंती आहे ती अशी. ‘बेपर्वाई’ हा शब्द अहवालातून काढावा आणि तसे बेकरीच्या मालकांना लेखी कळवावे. स्टिकरचा आदेश मागे घेऊन खटका बसवण्याचा आदेश काढावा, आणि तो बसेपर्यंत ही यंत्रे बंद ठेवावीत.

असे शब्द एका अर्जावर काढता येत नाहीत असे खिडकीवर मला सांगण्यात आले. त्यासाठी नवा पुरावा लागतो. नवा पुरावा घ्यायचा तर नव्याने चाचणी लागते, आणि चाचणीचा अर्ज कंपनीकडूनच यावा लागतो. कंपनी तो करणार नाही. म्हणून पर्यायी विनंती करतो. अपघाताचे ते यंत्र आपल्याच तळमजल्यावरच्या खोलीत सील करून ठेवले आहे. आपण एक दिवस खाली यावे. सील तोडावे. पीठ मी घेऊन येईन, सैलसर भिजवून देईन. आपण पुस्तिका हातात धरून पहिल्या पायरीपासून एकेक वाचावी आणि तसेच करावे, मनाचे काही घालू नये. बटण बंद करावे. मग सातवी पायरी वाचावी आणि दांडा पूर्णपणे थांबल्याची खात्री करावी. आपल्याला ती करता आली, तर माझा अर्ज फेटाळावा आणि बाईंच्या नावापुढचा शब्द आहे तसा ठेवावा. मी पुन्हा खिडकीवर येणार नाही.

मी कोपऱ्यात बसेन. नियमाने मला बोलता येत नाही. मावशीच्या वेळी मी बोललो, तर ती चाचणी बाद झाली. बाईंच्या वेळी कुणी बोलले नाही, म्हणून या यंत्राची नियमाप्रमाणे पूर्ण झालेली चाचणी आजवर ती एकच आहे, आणि तिचा निष्कर्ष आपण बेपर्वाई असा लिहिला. आपण काठाकडे हात न्याल तेव्हा मात्र मी गप्प राहणार नाही, एवढा भरवसा ठेवून यावे. आपली चाचणीही बाद झाली तरी चालेल.

आपला, अद्याप नम्रच,
(सही)
सातव्या पायरीचा लेखक

दिनांक : खिडकीवर जो शिक्का पडेल तो.

सोबत :
१) पुस्तिका, एक प्रत. (गोपनीय.)
२) मला मिळालेली नोटीस.
३) मावशीचे संमतिपत्र. आपल्याला एकट्याने भीती वाटल्यास ती शेजारी उभी राहायला तयार आहे.

प्रत माहितीसाठी : बेकरीतील बाई.
(त्यांची प्रत टाचलेली नाही. डाव्या हाताने उलटता यावीत म्हणून पाने सुटी ठेवली आहेत.)